बेडकीच्या पोटातलं पाणी

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, ती गाडी आणली तेव्हा घरात कुणीच त्यांच्या बाजूचं नव्हतं. नांदेडकडं एक हुरडा पार्टीचं ठिकाण होतं. तिथं येणाऱ्या लेकरांना शेतातून फिरवायला असल्या गाड्या ठेवलेल्या असत. ते ठिकाण बंद झालं, सामान विकायला निघालं, आणि लोखंडी बाजा आणायला म्हणून गेलेले भाऊजी टेम्पोत ही गाडी घालून परत आले. वर मोटारसायकलसारखं सीट, तसंच हँडल, आणि खाली चार जाडजूड, खोल खाचांची चाकं. चिखल असो, ढेकळं असोत, कुठंही चालते म्हणे. फळ्या लावून टेम्पोतून उतरवली तेव्हा ती दबा धरून बसलेल्या बेडकासारखी दिसली. अक्का ओसरीवरून म्हणाल्या, "बाजा आणायला गेले अन् ही बेडकी घेऊन आले का?" तेव्हापासून तिचं नाव बेडकी.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्यात थोरल्या जावेला अक्का म्हणायची पद्धत. त्यांचं घर चाकूरच्या अलीकडं, शेतातच. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पत्र्याच्या चार खोल्या, पुढं ओसरी, म्हशींचा गोठा आणि सगळीकडं काळी जमीन. आखाडा आणि गाव यांच्या मधून ओढा वाहतो. पाऊस झाला की ती काळी माती चाकाला अशी चिकटते की स्कूटर दहा पावलं गेली की मडगार्डात चिखल भरून उभी राहते. बेडकी मात्र गेली. पहिल्याच पावसाळ्यात तिनं घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद केली. भाऊजी सकाळी दुधाचे कॅन मागच्या कॅरेजला बांधायचे आणि ओढा ओलांडून गावच्या डेअरीवर पोचायचे.

पुढं भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला. एके सकाळी त्यांनी बेडकी सरळ तुरीत घातली. त्या दिवशी अक्कांनी किल्ली काढून घेतली आणि आठवडाभरात स्वतः चालवायला शिकल्या. नऊवारी सोडून त्या कधीच पाचवारीत आल्या होत्या, आता पाचवारीचाही काष्टा घालून त्या बेडकीवर बसू लागल्या. वय साठीच्या जवळ. आयुष्यात सायकल चालवलेली नाही.

मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवते. आमचे हे तिथंच नोकरीला. सणावाराला आम्ही आखाड्यावर जायचो, दोन दिवस राहायचो, यायचो. अक्कांचं आणि माझं कधी वाकडं आलं नाही, पण जवळिकही नव्हती. मी साडी न्यायची, आम्ही परतताना त्या ज्वारीचं पीठ, तूरडाळ, खव्याचा डबा बांधून द्यायच्या. मी वयानं लहान, तरी त्या मला "बाई" म्हणायच्या आणि "तुमी" करून बोलायच्या. शाळेतल्या बाई म्हणून. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटला असेल, नंतर अवघडल्यासारखं व्हायचं. स्वयंपाकघरात मदतीला गेले की म्हणायच्या, "बसा बाई तुमी, धूर लागंल."

त्या भाद्रपदात भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, लातूरला. आमचे हे त्यांच्यासोबत गेले. दवाखान्यात राहायचं, मग दुसऱ्या दिवशीची तपासणी, शिवाय लातुरात एका नातेवाइकाकडं मुक्काम. अक्का एकट्या राहू नयेत म्हणून मी रजा टाकून आखाड्यावर आले. खरं सांगायचं तर मला दडपण होतं. या माणसाशी तीन-चार दिवस काय बोलायचं?

पहिल्या सकाळी मी त्यांच्यासोबत डेअरीवर गेले, बेडकीवर मागं बसून. जाताना ओढ्याला पाणी पोटरीएवढं. डेअरीवर रांग होती, मग अक्कांना कुणीतरी भेटलं, गप्पा झाल्या. तेवढ्यात वरच्या अंगाला पाऊस पडला असणार, कारण परत आलो तर ओढ्याचा रंग बदललेला. पाणी मातकट, फेसाळ, आणि चांगलंच वाढलेलं.

"अक्का, थांबू या का जरा?" मी म्हटलं.

"गुडघाभर तर हाय. बेडकीला पान्याचं काय भ्या?"

त्यांनी घातली. मधोमध गेल्यावर पुढचं चाक कशालातरी अडलं. अक्कांनी दचकून हात सोडला आणि गाडी बंद पडली. पाणी माझ्या पायांवरून, मागच्या चाकांच्या आखावरून, पार सीटच्या खालपर्यंत. सुरू करायला गेल्या तर नुसती खरखर. मी साडी वर खोचून उतरले. पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकला. मी मागून ढकलायची, त्या पुढं हँडल धरून ओढायच्या, आणि बेडकी जागची हलेना. एक चप्पल तिथंच वाहून गेली. बराच वेळ झाल्यावर अक्कांनी पाण्यात हात घालून चाकापुढचा धोंडा बाजूला लोटला, परत सुरू करून पाहिली, आणि या वेळी ती धरली. आम्ही काठाला आलो तेव्हा दोघी छातीपर्यंत भिजलो होतो. घरी आल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "तुमची चप्पल गेली बाई. नवी आणू."

दुसऱ्या दिवशी बेडकी चालू केली तर मागून आवाज. घुंऽऽऽ असा, वेग वाढला की वाढणारा, आणि वळताना त्यात कर्र कर्र. गिरणीत दाण्याबरोबर खडा गेला की येतो तसा. अक्कांनी लगेच बंद केली. भाऊजींना सांगायचं नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला काय सांगायचं! लातूरच्या ज्या मेकॅनिककडं भाऊजी गाडी दाखवायचे, त्याचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. मी फोन लावला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. पाण्यात किती वेळ उभी होती, पाणी कुठवर होतं, हे विचारलं. मग म्हणाला, "ताई, मागच्या डिफरन्शियलमधी पानी गेलं बगा. मागच्या दोन चाकांच्या मधी बीडाचा गोळा हाय ना, त्यो. त्याच्या बुडाला बोल्ट हाय. जरासाक ढिल्ला करा, चार थेंब पडू द्या अन् रंग सांगा."

अक्का चिंध्या आणि बोल्ट खोलायचे पाने घेऊन आधीच खाली बसल्या होत्या. बोल्ट अर्धा फेरा फिरला. त्यांच्या तळहातावर जे पडलं, त्याला तेल म्हणायला जीभ धजेना. दुधाळ, मातकट, थेट चहाच्या रंगाचं.

"चहा हाय," अक्का म्हणाल्या.

मी फोनवर तेच सांगितलं. तो हसला. "मग पानीच गेलं. तेल बदलावं लागतंय. मी काय चार-पाच दिवस येत न्हाई, लई काम हाय इथं. पर तोवर चालवू नका, दातरं खराब होतील. न्हाईतर तुमीच बदला. अवघड न्हाई. चाकूरला ऐंशी-नव्वदचं गिअर तेल मागा, लिटरभर. आनल्यावर मला फोन करा, सांगतो."

अक्कांनी घट्ट केला तो बोल्ट. मी दुसऱ्या चपला घातल्या, त्या भाऊजींच्या होत्या. दूध सकाळी आम्ही दोघींनीच कॅनच्या कड्या धरून पायी पोचवलं होतं, ओढ्याचं पाणी उतरलं होतं. आता मी गावापर्यंत चालत गेले आणि तिथून ऑटोत बसून चाकूर.

ऑइल-स्पेअरच्या दुकानात मी तेल मागितलं तर दुकानदारानं विचारलं, "ट्रॅक्टरला का जीपला?" बेडकीचं वर्णन करायला मला बराच वेळ लागला. शेवटी मी हातांनी दाखवलं. बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, "हां, ती आक्काबाई चालवितेत ती!" अख्ख्या चाकूरला अक्का माहीत होत्या. दुकानदार डबा काढत म्हणाला, "कुनाला तरी पाठवायचं की बाई, तुमी कशाला तरास घेतला?"

"कुनी न्हाई," मी म्हटलं. इतक्या दिवसांत माझ्या तोंडून असं "न्हाई" निघालं नव्हतं. शाळेत मी मुलींना "नाही" म्हणा म्हणून दुरुस्त करत असते.

परत आले तेव्हा ऊन पडलं होतं. ओसरीपुढं बेडकी, तिच्या मागं अक्का मांडी घालून बसलेल्या, आणि खाली जुन्या परातीत तो सगळा चहा साचलेला. अक्कांच्या चेहऱ्यावर स्वयंपाक आटोपल्यावर असतं तसं समाधान.

"काढलं बगा समदं," त्या म्हणाल्या. "तुमी येईस्तोवर बसून काय करायचं?"

मी खूश होऊन फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, "वरचा बोल्ट खोलला का?"

"वरचा कुठला?"

"तेल भरायचा! गोळ्याच्या मागल्या अंगाला हाय, जरा वर. ताई, अगोदर त्यो खोलायचा असतोय. त्यो खुलला तरच खालचा खोलायचा. आता वरचा खुलला न्हाई तर नवं तेल कुठून घालताव?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अक्कांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं.

वरचा बोल्ट होता तिथंच, त्याच्यावर कुणीतरी कधीतरी काळा रंग मारलेला. पाना लावला. हलला नाही. अक्कांनी दोन्ही हातांनी जोर लावला. नाही. मी लावला. पाना घसरला आणि माझी बोटं आखावर आपटली. आता गाडी पूर्ण कोरडी, जागची हलवायची नाही, आणि उद्या-परवा भाऊजी घरी येणार. अक्का पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारख्या दिसल्या. "माझ्या उतावळेपनानं केलं," त्या पुटपुटल्या.

"होईल अक्का," मी म्हटलं, कशाच्या जोरावर कुणास ठाऊक.

आम्ही बोल्टवर डिझेल ओतलं आणि मुरायला सोडलं. मेकॅनिकनंच सांगितलं होतं. मग ओसरीच्या पायरीवर बसलो. चहा करायचं मी सुचवलं तर अक्का परातीकडं बघून म्हणाल्या, "नको माय, आज चहा नको," आणि दोघींना हसू आलं. त्यांनी ताक आणलं.

"ते डिफर-बिफर काय असतंय?" त्यांनी विचारलं.

ते मला तरी कुठं माहीत होतं? चाकूरच्या ऑटोत बसून मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता, तेवढ्यावर मी सांगायला लागले. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबून जायचं असतं, आतल्या चाकाला जवळून. दोन्ही एकाच आखाला घट्ट बांधली तर ओढाताण होते. म्हणून मधे ही दातऱ्यांची जोडणी, ती दोघांना आपापल्या वेगानं फिरू देते.

अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मळनीसारखं."

"कसं?"

"खळ्यावर बैलं जुपायचो न्हाई का आमी, एका रांगेत. मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यावानी, अन् बाहेरला बिचारा पळून पळून बेजार. आमचे बाप बाहेरच्या अंगाला तरनं बैल लावायचे, अन् आतल्या अंगाला म्हातारं."

मी माझ्या हातानं मातीत गोल काढून पाहिला. तसंच होतं. "आता मी वर्गात हेच सांगणार," मी म्हटलं.

"भूगोलात?"

"कुठंही."

त्या ताक पीत बोलत राहिल्या. लहानपणी भावाला सायकल आणली, तिला हात लावला म्हणून मार खाल्ला होता, ते सांगितलं. ते सांगताना आवाजात राग नव्हता. "आता त्यो भाऊ उदगीरला हाय. गुडघे गेले त्याचे. मागं आला तर मी त्याला बेडकीवर बसवून समदं रान दावलं. मागं बसून भ्याला की!" आणि त्या इतक्या खुलून हसल्या की मी बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. किंवा त्या हसत होत्या आणि मी ओसरीवर पाहुणीसारखी बसलेली होते.

मग परत कामाला लागलो. चुलीवर पाणी उकळलं, ते बीडाच्या गोळ्यावर ओतलं. तापलं की धातू सैल होतो, हे मात्र मला शाळेतलं ठाऊक होतं. अक्कांनी हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर हळूहळू ठोकलं. पाण्याच्या मोटारीचा एक लोखंडी पाईप गोठ्यामागं पडलेला होता. तो पान्याच्या दांड्यात घातला, म्हणजे दांडा हाताभर लांब झाला. अक्कांनी पाना बोल्टवर दाबून धरला, मी पाईपवर जोर दिला. पाईप वाकेल असं वाटलं, बोल्ट नाही.

"पाय दे!" अक्का ओरडल्या. "अगं, पाय दे त्याच्यावर, उभी ऱ्हा!"

मी बेडकीच्या कॅरेजला धरून पाईपवर उभी राहिले. सगळं वजन दिलं. कट्ट असा आवाज झाला, पाईप खाली गेला, आणि मी चिखलात बसले. मला वाटलं बोल्टच तुटला. अक्का वाकून बघत होत्या. मग त्यांनी बोटांनीच बोल्ट फिरवला आणि काढून माझ्यासमोर धरला, अख्खा.

"निघाला गं!"

मी चिखलात बसूनच हसत होते. त्यांनी हात देऊन मला उठवलं. उठल्यावर माझ्या ध्यानात आलं, त्या मला "अगं" म्हणाल्या होत्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, माहीत नाही. पुढं त्या तशाच बोलत राहिल्या.

खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्याला काळी, मऊ पेस्ट चिकटलेली. अक्कांनी बोटावर घेऊन चोळली. "काजळ हाय पार." मेकॅनिक फोनवर म्हणाला, काजळ असेल तर काळजी नाही, तुकडे निघाले तर सांगा. तुकडे नव्हते. आम्ही बोल्ट पुसून परत बसवला.

आता तेल भरायचं कसं? वरचं भोक आडवं, चाक आणि कॅरेज यांच्या सांदीत. डब्याचं तोंड तिथं पोचेना. नरसाळं लावलं तर तेल बाहेरच ओघळलं. अक्का उठून गोठ्यात गेल्या आणि म्हशीला औषध पाजायची मोठी प्लास्टिकची पिचकारी घेऊन आल्या. तिची नळी लांब. त्यांनी ती कढत पाण्यानं धुतली, उन्हात ठेवली, चिंधीनं आतून कोरडी केली. मी तेल ओढून द्यायची, त्या नळी भोकात घालून दांडा दाबायच्या. "पी, माय, पी," त्या बेडकीला म्हणायच्या, म्हशीला म्हणायच्या तशाच. भोकाच्या काठावरून तेल ओघळू लागलं की भरलं, एवढी साधी खूण. त्याला गाडी सपाट उभी पाहिजे. अक्कांनी सीटवर पाण्यानं अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली आणि एका चाकाखाली फरशीचा तुकडा सरकवला, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

पहिलं तेल नुसतं धुवायला, असं मेकॅनिक म्हणाला होता. कोपऱ्यात थोडं पाणी राहतंच. मागचा भाग लाकडी ओंडक्यांवर टेकवून चाकं अधांतरी केली, गाडी सुरू केली, चाकं सावकाश फिरू दिली. मग परत सोडलं. या वेळी चहा निघाला, पण दूध जास्त घातलेला नव्हे, साधा. परत भरलं, परत फिरवलं, परत सोडलं. तिसऱ्यांदा भोकाच्या काठावर जे तेल आलं ते मधासारखं होतं. अक्कांनी त्यातून बोट फिरवलं, उन्हात धरलं. त्यांना ते पिऊन बघावंसं वाटलं असेल असा त्यांचा चेहरा.

"पर पानी गेलं कुठून?" त्या म्हणाल्या. "बोल्ट तर घट्ट होते."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मेकॅनिकला परत फोन. आता त्याला आमची सवय झाली होती. "काय म्हनती बेडकी?" म्हणून त्यानं फोन उचलला. तो म्हणाला, गोळ्यातून एक बारकी रबरी नळी वर जाते, श्वास घ्यायला. गोळा चालून चालून तापलेला असतो. थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि तो त्या नळीतून श्वास ओढतो. नळीचं तोंड पाण्यात असेल तर हवेच्या जागी पाणी पितो. शोधा, ती नळी निसटली असेल.

होतीच. वरच्या खाचेतून निसटून चाकाजवळ लोंबत होती, तोंडात चिखल. अक्कांनी फुंकून साफ केली. मी सीट उचलून ती वरपर्यंत ओढून घेतली, हँडलच्या दांड्याजवळ, आणि अक्कांनी जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून दोन गाठी मारल्या. "आता हितपत्तर पानी आलं तर आपुन वाहून जाऊ, ही न्हाई," त्या म्हणाल्या.

बेडकी ओंडक्यांवरून उतरवली. अक्का बसल्या, चिंचेच्या झाडापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. आवाज नाही. म्हणजे बेडकीचा नेहमीचा भडभड आवाज होता, पण तो घुंऽऽऽ नव्हता, वळताना कर्र नव्हती. त्या उतरल्या आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"बस."

"मी? नको अक्का."

"बोल्ट तोडायला येतोय, चालवायला येत न्हाई? बस म्हनते ना. ह्यो अंगठा दाबला की जाती, सोडला की थांबती. एवढंच हाय."

मी बसले. अंगठा दाबला तशी ती उडी मारून निघाली, मी सोडला तर थांबली, परत दाबला. असं हिसके देत मी तुरीच्या कडेनं बांधापर्यंत गेले. अक्का मागून चालत येत होत्या आणि ओरडत होत्या, "तूर वाचव! तूर!" बांधावर मला वळता येईना. मी थांबले, मान वळवून बघितलं. ऊन उतरत होतं, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, अक्का काष्टा खोचून, हात काळे, भराभर येत होत्या. त्या आल्या, हँडलला हात लावला आणि मला वळवून दिलं. परतताना मी एकदाही थांबले नाही.

खराब तेल अक्कांनी एका डब्यात भरून ठेवलं. कुंपणाच्या लाकडी खांबांना बुडाशी लावलं तर वाळवी लागत नाही म्हणे. मग आम्ही हात धुवायला बसलो. साबणानं काही होईना. राख लावली, बेसन लावलं. नखांच्या कडेला काळं राहिलंच. स्वयंपाक करताना मी उठून पीठ मळायला घेतलं तर अक्का "धूर लागंल" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. नुसतं परात माझ्याकडं सरकवली. वेगळी परात. त्या भाकरी थापत होत्या, मी भाजत होते, आणि मधेच कुणीतरी "पाय दे!" म्हणायचं आणि आम्ही परत हसायचो.

भाऊजी आणि आमचे हे दोन दिवसांनी आले. भाऊजींच्या डोळ्यांना काळा चष्मा. त्यांनी आल्या आल्या म्हशी बघितल्या, मग बेडकी. "रंग लई झकास दिसायलाय," म्हणाले. ऑपरेशनच्या डोळ्यानं त्यांना सगळंच झकास दिसत होतं. वाकायला डॉक्टरनं मना केलं होतं, म्हणून त्यांनी गाडीभोवती उभ्याउभ्या एक फेरी मारली आणि हँडलजवळची लुगड्याची पट्टी बघून थांबले.

"हे काय?"

"दृष्ट लागू नये म्हनून," अक्का म्हणाल्या.

मला हसू आवरेना. आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलंच, कारण मेकॅनिकनं स्वतःहून भाऊजींना फोन करून विचारलं, "काय म्हनती बेडकी?" भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी अक्कांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. अक्का सांगायच्या आणि जिथं विसरतील तिथं माझ्याकडं बघायच्या, मी पुढं सांगायची. खालचा बोल्ट आधी कुणी खोलला, ते आम्ही दोघींनी गुळमुळीत ठेवलं.

आता अक्कांचे फोन सणाची वाट बघत नाहीत. परवा दुपारी मधल्या सुट्टीत फोन आला. मिक्सर बंद पडला म्हणून त्यांनी तो उलटा करून खोलला होता. बोल्ट काढले, वर काय होतं खाली काय होतं ते आता आठवेना, आणि भाऊजी रानातून यायची वेळ झाली.

"व्हिडिओ लाव," त्या म्हणाल्या. "मी दावते, तू बघ."

मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि कॉल लावला. पडद्यावर आधी त्यांचा कान दिसला, मग छत, मग सगळ्या ओसरीभर मांडलेले मिक्सरचे तुकडे.